थेंब लिहून द्यायचे की नाही? कळमनुरीच्या ऑप्टोमेट्रिस्ट ताईंना उत्तर

पत्र: मी बी.ऑप्टोम. केलंय आणि कळमनुरी भागातल्या एका दृष्टी केंद्रात काम करते. नेत्रतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येतात. सोयाबीनच्या मळणीत आणि पुढे ज्वारी-हरभऱ्याच्या काढणीत रोज लाल डोळ्यांचे पेशंट येतात. 'ताई, डोळा लई दुखायलाय, तुम्हीच थेंब लिहून द्या की,' म्हणतात. नांदेडला पाठवलं तर रोज बुडतो म्हणून जात नाहीत आणि मेडिकलमधून काहीतरी घेऊन टाकतात. मेडिकलवाले दादा मला म्हणतात, 'तुम्ही नुसतं नाव सांगा, मी देतो.' इंग्लंड-अमेरिकेत ऑप्टोमेट्रिस्ट औषधं लिहितात असं वाचलं. आपल्याकडे त्याचं प्रशिक्षण मिळतं का? घेतलं तर मला लिहिता येईल का? आणि तोवर मी काय करू?

उत्तर:

ताई, मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात आडपडदा ठेवून चालणार नाही. आज भारतात ऑप्टोमेट्रिस्टला प्रतिजैविकं, स्टेरॉइड किंवा काचबिंदूचे थेंब स्वतःच्या सहीने लिहून देता येत नाहीत. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे शेड्यूल एच मधली औषधं फक्त नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायची असतात आणि डोळ्यांची बहुतेक कामाची औषधं त्यातच येतात. मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक तर त्याहून कडक अशा शेड्यूल एच१ मध्ये आहे. ते विकताना दुकानदाराला पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहावं लागतं आणि ती नोंद तीन वर्षं जपून ठेवावी लागते. २०२१ च्या नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टला आरोग्यसेवेत स्वतंत्र ओळख दिली, नोंदणीची तरतूद केली. औषध लिहिण्याचा अधिकार मात्र दिलेला नाही.

म्हणून मेडिकलवाल्या दादांना 'नुसतं नाव सांगणं' हेही चिठ्ठी लिहिण्यासारखंच आहे. उद्या त्या डोळ्याचं काही बरंवाईट झालं तर दुकानदार तुमच्याकडे बोट दाखवेल आणि तुमच्या हातात कागदाचा एक चिटोराही नसेल. डॉक्टरांनी आधीच सह्या करून ठेवलेलं कोरं पॅड कुणी दिलं तर तेही घेऊ नका. ते तुमच्यासाठी वाईट, डॉक्टरांसाठी वाईट, आणि पेशंटसाठी सगळ्यात वाईट, कारण त्याला वाटतं की आपल्याला डॉक्टरांनी तपासलं.

इतकं असूनही प्रशिक्षण घ्यावं का? जरूर घ्यावं, आणि आजपासून. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्याने १९७६ मध्ये पहिल्यांदा ऑप्टोमेट्रिस्टना उपचाराची औषधं वापरू दिली. ब्रिटनमध्ये स्वतंत्र चिठ्ठी लिहिण्याची सोय २००८ ला झाली. ऑस्ट्रेलियात २०१४ च्या अखेरीपासून नव्याने नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला औषधोपचाराची पात्रता असावीच लागते. ब्रिटनची पद्धत पाहा: आधी वर्गातला अभ्यास, मग अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंट, मग परीक्षा आणि नोंदणीतही वेगळा शेरा. तिथे औषधांची यादी पाठ करणं हा सर्वांत हलका भाग असतो. कुठल्या डोळ्याला आपण हात लावायचा नाही आणि किती तासांत तो पुढे पोचवायचा, हे ओळखायला शिकण्यात खरा वेळ जातो. आणि ते ओळखायला तुम्हाला कुठल्याही कायद्याने अडवलेलं नाही.

मळणीच्या दिवसांतला लाल डोळा घ्या. तुमच्याकडे येणाऱ्यांमध्ये चार वेगळी माणसं असतात: नुसते डोळे आलेला, बुबुळावर ओरखडा उठलेला, पापणीखाली कण अडकलेला, आणि बुबुळावर व्रण झालेला. बाहेरून चौघंही सारखेच लाल, सारखंच पाणी, चौघांचीही तक्रार एकच, 'खुपायलंय.' पहिल्याला बहुधा औषधच लागत नाही. चौथ्याचा डोळा आठवड्यात जाऊ शकतो. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली तेव्हा 'सगळ्यांचेच आलेत' म्हणून लाल डोळ्याकडे वरवर पाहण्याची सवय लागली. साथीच्या गर्दीतला व्रण तसाच निसटतो.

तपासणीचा क्रम हाताला बसला पाहिजे, कारण क्रम चुकला की माहिती पुसली जाते. कुठलाही थेंब टाकण्याआधी प्रत्येक डोळ्याची दृष्टी, पिनहोल (बारीक छिद्राची चकती) लावून आणि न लावता. मग विचारपूस: काय लागलं, कधी लागलं, आजवर काय टाकलं. आईचं दूध, मध, तुरटीचं पाणी, एरंडेल, जे काही टाकलं असेल ते न रागावता विचारा. रागावलात तर पुढच्या वेळी लपवतील. घरातली बाटली मागवून घ्या आणि लेबल स्वतः वाचा. मग टॉर्चने बाहुल्या: आकार, प्रतिक्रिया, दोन्हींतला फरक. त्यानंतर बुबुळाची संवेदना. कापसाची एक बारीक वात ओढून तिच्या टोकाने बुबुळाच्या कडेला हलका स्पर्श करायचा आणि दुसऱ्या डोळ्याशी ताडून पाहायचा. हे प्रोपॅराकेन, म्हणजे भुलीचा थेंब, टाकण्याआधीच होतं. नागिणीच्या जातीचा हर्पीस विषाणू बुबुळात असेल तर संवेदना कमी झालेली असते, आणि भुलीचा थेंब पडला की तो पुरावा गेला.

मग स्लिट लॅम्प, म्हणजे बारीक किरण टाकून डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र. वरची पापणी उलटून पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असं समजू नका. बुबुळाच्या वरच्या भागात उभ्या बारीक रेघा दिसल्या तर पापणीखाली कण आहेच. प्रत्येक उघडझापीला तो बुबुळ खरवडत असतो. फ्लुरोसिन (बुबुळावरची इजा दाखवणारा रंग) नेहमी पट्टीचं वापरा, बाटलीतलं नको. बाटलीतल्या द्रावणात स्यूडोमोनास जंतू वाढतो आणि तोच जंतू बुबुळ झपाट्याने वितळवतो. पट्टीवर निर्जंतुक सलाईनचा एक थेंब, जादाचा झटकून टाकायचा, खालच्या पापणीच्या आत स्पर्श, दोन-तीन वेळा डोळा मिटायला सांगायचं आणि निळ्या उजेडात पाहायचं. हिरवं चमकलं की वरचं आवरण निघालेलं आहे. आता निळा उजेड काढून पांढऱ्या बारीक किरणात तीच जागा पुन्हा पाहा. तळ स्वच्छ, आरपार असेल तर ओरखडा. तळ पांढुरका, धुरकट असेल तर व्रण. सगळा निर्णय या एका फरकावर उभा असतो. पांढरेपणाच्या कडा पिसासारख्या पसरट, पृष्ठभाग कोरडा आणि किंचित उचललेला, शेजारी सुटे छोटे ठिपके, आत खाली साचलेला पू, असं दिसलं की बुरशी मनात धरा. झाडाच्या फांदीसारखी, टोकाला गाठी असलेली हिरवी रेघ दिसली तर हर्पीस. व्रणाची लांबी-रुंदी किरणाच्या मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून लिहा. 'मोठा व्रण' या शब्दांनी दुसऱ्या डॉक्टरांना काहीच कळत नाही. वाढतोय की भरतोय, ते आकडाच सांगतो.

डोळा फुटला असल्याची शंका आली, बाहुली ओढल्यासारखी किंवा नाशपातीच्या आकाराची दिसली, तर डोळ्याचा दाब मोजायचा नाही, पापणी दाबायची नाही, मलम घालायचं नाही. कडक कवच लावून लगेच पाठवायचं. कवच नसेल तर कागदी कपचा तळ कापून त्याची कड कपाळ आणि गालाच्या हाडांवर टेकेल असा चिकटपट्टीने बसवा.

ओरखडा आणि व्रण यांतलं अंतर फार थोडं असतं, म्हणून ओरखड्याची वेळ सांभाळली की पुढचं बरंच टळतं. नेपाळात भक्तपूरला झालेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी ओरखडा ओळखला आणि क्लोरॅम्फेनिकॉल १ टक्का मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस दिलं. ज्यांना दुखापतीपासून १८ तासांच्या आत ते सुरू झालं, त्यांच्यातल्या एकालाही व्रण झाला नाही. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली तुम्ही काम करता त्यांच्याशी बोलताना ओरखड्याला वेळेत मलम कसं मिळेल, हाच विषय पहिला काढा. आणि काडीकचऱ्याने झालेल्या ओरखड्यावर पट्टी बांधू नका. पट्टीखालच्या ऊबेत जंतू वाढतात आणि पेशंटला दृष्टी उतरलेली कळतही नाही.

आता स्टेरॉइड. तुमच्या भागात डोळ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान बहुधा याच बाटलीतून होत असणार. दुकानातून 'लाल डोळ्याचा थेंब' म्हणून जे दिलं जातं त्यात पुष्कळदा प्रतिजैविक आणि डेक्सामेथासोन एकत्र असतं. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काहीही दिसलं की ते स्टेरॉइड. बुरशीच्या व्रणात हे टाकलं की पहिले दोन-तीन दिवस आराम पडतो. कारण दुखणं आणि लाली शरीराच्या प्रतिकारातून येते आणि स्टेरॉइड तो प्रतिकारच दाबून टाकतं. बुरशीला ते काहीच करत नाही. उलट वाट मोकळी झाल्यामुळे ती खोल उतरते. पेशंट म्हणतो, 'थेंबानं गुण आला होता,' आणि तीच बाटली पुन्हा आणतो. तो तुमच्याकडे परत येतो तेव्हा बुबुळ पांढरंफटक झालेलं असतं. हर्पीसच्या फांदीवर स्टेरॉइड पडलं तर फांदीचा नकाशासारखा पसरट व्रण होतो. हे पेशंटला समजावताना 'लाली कमी होणं म्हणजे बरं होणं नव्हे' एवढं एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगा, आणि मेडिकलवाल्या दादांनाही सांगा. ते तुमचे शत्रू नाहीत. 'स्टेरॉइड असलेला थेंब चिठ्ठीशिवाय देऊ नका, असा पेशंट माझ्याकडे पाठवा, मी फुकट तपासते' असा समझोता त्यांच्याशी झाला तर त्यातूनच तुमच्या हातून कित्येक डोळे वाचतील.

स्टेरॉइडचा दुसरा मार सावकाश बसतो. परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ च्या घरात जातो. त्या दिवसांत पाच ते पंधरा वर्षांची मुलं, जास्त करून मुलगे, डोळे चोळत येतात: खाज, दोरीसारखा चिकट स्राव, पापणी उलटली की फरशीच्या दगडांसारखे उंचवटे. ही वसंतातली ॲलर्जी. थंड पाण्याच्या पट्ट्या, ऊन-धूळ टाळणं, चोळणं बंद करणं आणि डॉक्टरांनी लिहिलेले ॲलर्जीचे थेंब यांवर बहुतेक मुलं निभावतात. काहींना स्टेरॉइड लागतं, पण थोडे दिवस आणि दाब मोजत. अडचण अशी की त्या थेंबाने मूल दुसऱ्या दिवशी खेळायला लागतं, मग घरचे तीच जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं थेंब आणत राहतात. स्टेरॉइडने साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांत डोळ्याचा दाब थोडाफार चढतो, काहींत खूप चढतो. मुलांत तो लवकर चढू शकतो. मूल तक्रार करत नाही, डोळा पांढरास्वच्छ दिसतो आणि आत डोळ्याची नस मरत जाते. म्हणून अशा प्रत्येक मुलाचा दाब मोजा, नस पाहा, भिंगात मागच्या बाजूला मोतीबिंदू आहे का ते पाहा आणि किती बाटल्या झाल्या ते विचारून लिहा. चोळून चोळून बुबुळ शंकूसारखं होण्याची शक्यताही याच मुलांत जास्त असते. रेटिनोस्कोपीत (डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढताना) कात्रीसारखी हालचाल दिसली की तसं लिहून पाठवा. हे सगळं आजच्या तुमच्या अधिकारात आहे.

एक गोष्ट मात्र चिठ्ठीची वाट न पाहता तिथल्या तिथे करायची: चुना. तंबाखूच्या डबीतला चुना किंवा चुन्याची पुडी मुलांच्या हातात फुटते आणि सरळ डोळ्यात जाते. क्षार डोळ्याच्या पेशींवरची चरबी विरघळवत आत शिरतो, म्हणून तो आम्लापेक्षा घातक. दृष्टी मोजायला थांबू नका. केंद्रात भुलीचा थेंब असेल तर एक थेंब, पापण्या बोटांनी उघड्या धरून सलाईन किंवा रिंगर लॅक्टेटच्या बाटलीला नळी लावून, सुई काढून, सतत धार. किमान अर्धा तास आणि एक-दोन लिटर. धार चालू असतानाच वरची पापणी उलटा आणि ओल्या काडी-कापसाने कोपऱ्याकोपऱ्यातले चुन्याचे कण पुसून काढा. कण राहिला तर धुणं फुकट जातं, तो क्षार सोडतच राहतो. धार थांबवून पाच मिनिटांनी पीएच पट्टी खालच्या पापणीत टेकवा. सात ते साडेसातच्या दरम्यान आला पाहिजे. नाही आला तर पुन्हा धुवा. आला तरी काही वेळाने परत मोजा. लिंबू-व्हिनेगर टाकून 'मारायचा' प्रयत्न कुणालाही करू देऊ नका. सलाईन नसेल तर बोअरचं पाणी चालेल. इथे शुद्धतेपेक्षा वेळ मोठी. धुऊन झालं की त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे. दोन सलाईनच्या बाटल्या, नळी, पीएच पट्ट्या आणि निर्जंतुक काडी-कापूस एका डब्यात घालून तो डबा हाताशी ठेवा.

भुलीच्या थेंबाचं निघालंच आहे तर: प्रोपॅराकेन पेशंटच्या हातात कधी देऊ नका, कितीही गयावया केली तरी. वारंवार टाकलं की बुबुळाचं आवरण भरून येत नाही आणि दुखणंच कळेनासं झाल्याने पेशंट चोळत राहतो.

औषधशास्त्राचा अभ्यास कसा करायचा, तर तुमच्या केंद्रात ज्या औषधांच्या चिठ्ठ्या येतात त्यांपासून सुरू करा. प्रत्येक औषधाचं एक पान: किती टक्के, कशावर, किती वेळा, किती दिवस, कुणाला द्यायचं नाही, काय बिघडतं आणि ते कधी कळतं. काचबिंदूच्या टिमोलोल या थेंबाच्या पानावर दमा आणि मंद हृदयगती ठळक लिहा. थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातो, म्हणून दम्याच्या पेशंटला डोळ्यातल्या थेंबाने धाप लागू शकते. ब्रिमोनिडिन दोन वर्षांखालच्या बाळाला नाही, श्वास मंदावतो. नॅटामायसिन ५ टक्के हे तळाशी बसणारं औषध आहे, बाटली हलवल्याशिवाय नुसतं वरचं पाणी पडतं. बुरशीच्या व्रणात ते पहिलं औषध का, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अरविंद नेत्र रुग्णालयांमधल्या चाचणीत दिसलं. व्होरिकोनॅझोलच्या थेंबांपेक्षा ते सरस ठरलं, फ्युजेरियम बुरशीत तर विशेष. लॅटानोप्रोस्ट या काचबिंदूच्या थेंबाची न फोडलेली बाटली फ्रिजमध्ये लागते, फोडल्यावर २५ अंशांपर्यंत आणि सहा आठवडे. घरी फ्रिज आहे का, हे विचारून डॉक्टरांना कळवा, म्हणजे गरज पडली तर ते दुसरं औषध निवडतील.

बाहुली मोठी करण्याच्या थेंबांचंही पान हवं. आपल्याकडे ट्रॉपिकॅमाइड आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेले थेंब सर्रास वापरतात. रक्तदाब फार चढलेला असेल, नुकताच हृदयाचा झटका येऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारून नुसतं ट्रॉपिकॅमाइड. टाकण्याआधी व्हॅन हेरिक पद्धतीने, म्हणजे स्लिट लॅम्पच्या किरणाने, बुबुळामागचा पाणी निचरण्याचा कोन पाहणं चुकवू नका. अरुंद कोनाच्या डोळ्यात बाहुली पसरली तर रात्री दुखणं, उलटी, दिव्याभोवती रंगीत कडी असं सुरू होऊ शकतं, आणि गावाकडे उलटी म्हणजे 'पित्त' समजून डोळ्याचं राहूनच जातं.

चिठ्ठी समजावणं हा उपचाराचा अर्धा भाग, आणि तो पूर्णपणे तुमचा. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन-तीन मिनिटं दाबायचा. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर. मलम शेवटी. काचबिंदूच्या पेशंटला 'थेंब टाकता ना?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. बाटली कधी फोडली ते विचारा. अडीच मिलीच्या बाटलीत साधारण ८० थेंब बसतात. दोन्ही डोळ्यांत रोज रात्री एकेक टाकला तर महिन्याला ६० लागतात. तीच बाटली तीन महिने पुरली असेल तर हिशोब तुमच्या समोर आहे. मग थेंब गालावर पडतो का, पैसे पुरत नाहीत का, की हात थरथरतो, ते शोधा. समोर बसवून एक थेंब टाकून घ्या.

आता शिकायचं कुठे. घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभाग आहे, सूक्ष्मजीवशास्त्र विभागही आहे. तुमच्या डॉक्टरांच्या पत्रासह विभागप्रमुखांना भेटा आणि आठवड्यातला एक दिवस निरीक्षक म्हणून बसायची परवानगी मागा. नुसतं पाहत बसून फार हाती लागत नाही. एक वही करा. डॉक्टरांनी निदान सांगण्याआधी तुमचं निदान, तुम्हाला योग्य वाटणारा उपचार आणि किती तासांत पुन्हा बघायचं ते लिहा. मग शेजारी डॉक्टरांचं लिहा. जिथे जुळलं नाही तिथे कारण विचारून तिसऱ्या रकान्यात टाका. पेशंटचं नाव लिहू नका, केसपेपरचा क्रमांकही नको, फक्त तुमचा अनुक्रमांक. काही महिन्यांनी वही चाळलीत तर स्वतःचा कल दिसेल: कुणी साध्या डोळे येण्याला व्रण समजतो, कुणी डोळ्याच्या आतल्या सुजेला डोळे येणं समजतो. दुसरी चूक महागात पडते, तीवर जास्त बसा. व्रण खरवडून घेतलेल्या नमुन्याची काच प्रयोगशाळेत गेली की मागोमाग जा आणि १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बुरशीचे धागे डोळ्यांनी पाहा. एकदा ते धागे ओळखीचे झाले की स्टेरॉइडच्या बाटलीकडे बघायची नजरच बदलते. पूर्णवेळ शिकायचं असेल तर हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था आपल्याला जवळची आहे. प्राथमिक जीवरक्षक प्रशिक्षणही उरकून घ्या, थेंब टाकल्यावर चक्कर येऊन पडणारे पेशंट असतातच.

तोवर पेशंटपर्यंत औषध पोचवायचा सरळ, कायद्यातला रस्ता म्हणजे व्हिडिओ सल्ला. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्यसेवक पेशंटसोबत बसून डॉक्टरांशी बोलू शकतो, आणि त्यात संबद्ध (अलाइड) आरोग्य व्यावसायिक, म्हणजे तुमच्यासारखे, धरलेले आहेत. पहिल्यांदाच भेटणाऱ्या पेशंटला डॉक्टर चिठ्ठीची औषधं लिहिणार असतील तर संभाषण व्हिडिओवर हवं, नुसता फोटो किंवा मेसेज पुरत नाही. स्लिट लॅम्पच्या भिंगाला मोबाइल लावून पांढऱ्या किरणातला एक आणि निळ्या उजेडातला एक फोटो आधी पाठवा, मग व्हिडिओ लावा. चिठ्ठी डॉक्टरांच्या नावाने, त्यांच्या नोंदणी क्रमांकासह, त्यांच्या सहीची येते. तुम्ही ती समजावता आणि परत बोलावता.

व्रण मात्र पुढे पाठवायचाच, त्याच दिवशी, आणि पत्र असं लिहायचं की डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये. उदाहरणार्थ: 'वय ४५, पुरुष, शेतमजूर. उजवा डोळा. चार दिवसांपूर्वी मळणी करताना भुसा गेला. दृष्टी ६/६०, पिनहोलने फरक नाही. बुबुळाच्या मध्याजवळ व्रण ३.५ बाय ३ मिमी, कडा पिसाऱ्यासारख्या, शेजारी एक सुटा ठिपका, पू १ मिमी. संवेदना डाव्या डोळ्याइतकीच. दुकानातून घेतलेले डेक्सामेथासोन असलेले थेंब दोन दिवस, रोज चार वेळा. आज बंद करायला सांगितले. साखर तपासली, १८२. इथे फ्लुरोसिन पट्टी आणि भुलीचा एक थेंब वापरला, उपचार सुरू केलेला नाही.' व्रणाच्या प्रत्येक पेशंटची साखर तपासा; मधुमेह बरेचदा इथेच पहिल्यांदा सापडतो.

'रोज बुडतो' ही अडचण खरी आहे आणि ती भाषण देऊन सुटत नाही. जाण्याआधी तिथे फोन करून ओपीडीची वेळ आणि कुणाला भेटायचं ते कागदावर लिहून द्या. सोबत कोण येणार हे घरच्यांशी बोलून तिथेच ठरवा. संध्याकाळी फोन करून पोचले का ते विचारा. 'गेलंच पाहिजे' याऐवजी 'काका, आज गेलात तर एक दिवस जाईल, आठ दिवसांनी गेलात तर बुबुळावर फूल पडेल आणि ते पुसलं जाणार नाही' हे सांगा. पुढच्या माहितीसाठी कोण पोचलं आणि कोण पोचलं नाही याची वही ठेवा. न पोचलेल्यांची कारणं डॉक्टरांना दाखवलीत तर केंद्रात येण्याचा त्यांचा वार हंगामात वाढवून मागायला तुमच्याकडे आधार राहील.

कोर्स निवडताना जपून. 'हे प्रमाणपत्र घ्या आणि औषधं लिहा' अशी जाहिरात करणाऱ्या ऑनलाइन वर्गात पैसे घालू नका. तसा अधिकार कुठलाही खासगी वर्ग देऊ शकत नाही. प्रवेशाआधी विचारा: किती पेशंट मी स्वतः तपासणार, कुणाच्या देखरेखीखाली, माझ्या वहीवर सही कोण करणार, परीक्षेत खरा पेशंट असतो की नुसते पर्याय निवडायचे असतात. उत्तर आढेवेढे घेत आलं तर पुढे जाऊ नका.

आणि सोयाबीनची मळणी सुरू होण्याआधी तुमच्या डॉक्टरांसोबत बसून दोन पानांचा लेखी नियम करून घ्या, त्यांच्या सहीचा आणि तारखेचा: कोणते थेंब तपासणीसाठी तुम्ही वापरायचे, ओरखड्याला व्हिडिओ किती वेळात लावायचा आणि पेशंटला दुसऱ्या दिवशी परत कधी बोलवायचं, कोणत्या खुणा दिसल्या की फोन न करताच गाडीत बसवायचं, आणि डॉक्टर फोन उचलू शकले नाहीत तर दुसरा कुणाला करायचा. शेवटचा मुद्दा नेमका राहून जातो, आणि मळणीच्या दिवसांत संध्याकाळी सात वाजता तोच लागतो.